गाळण्याआधी नाणे वाचा

मोखाडा तालुक्यातील पोशेरा आणि आसपासच्या पाड्यांवर आमची कापडाची जुनी गिऱ्हाइकी आहे. गेल्या लग्नसराईत पोशेऱ्याच्या एक मावशी मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला दुकानी आल्या. उधारी नको म्हणाल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी एक गिन्नी गादीवर ठेवली. "शेठ, वजन करा आणि होईल तेवढं कापड द्या."

आम्ही काटा काढला नाही, भिंग काढले. त्याचे कारण आमच्याच घरात घडलेले आहे.

चिडियावाली अशरफी

आमचे एक चुलत आजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांनी परदेशातून आणलेले सोन्याचे एक नाणे दादीजानच्या पेटीत असे. एका बाजूला स्त्रीचे मस्तक, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. घरात त्याला सगळे 'चिडियावाली अशरफी' म्हणत. ते अमेरिकेचे दहा डॉलरचे नाणे होते. 1991 साली बहिणीच्या लग्नात पैसा कमी पडला, तेव्हा आम्ही ते एका सोनाराकडे नेले. त्याने वजन केले, घट धरली, भाव दिला आणि आमच्यादेखत नाणे मुशीत टाकले. वजन साधारण दीड तोळा भरले, हिशेब चोख झाला. पण नाण्यावर सालाचे चार आकडे होते, ते ना त्याने वाचले ना आम्ही. आजही ते साल आम्हांला सांगता येत नाही.

ते नाणे लाखमोलाचे होते असा आमचा दावा नाही. गरुडाची अशी नाणी 1838 ते 1907 पर्यंत मोठ्या संख्येने पडली. त्यांतल्या सर्वसाधारण सालांना आजही सोन्याच्या भावाहून थोडेच अधिक मिळते. नुकसान किती झाले हे कळण्याची वाटच आम्ही बंद केली, एवढेच आमचे दुःख आहे.

भाव कशाने चढतो

नाणे जुने म्हणून महाग होते, हा गैरसमज आहे. किती शिल्लक राहिली यावर भाव ठरतो. अमेरिकेने 1822 साली पाच डॉलरची 17,796 सोन्याची नाणी पाडली. पुढे त्यांतल्या सोन्याची किंमत पाच डॉलरच्या वर गेली आणि लोकांनी ती वितळवली. 1834 साली सरकारला नाण्यातले सोने कमी करावे लागले. आज 1822 ची फक्त तीन नाणी माहीत आहेत. दोन तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तिसरे मार्च 2021 मध्ये लिलावात 84 लाख डॉलरला गेले. सोने तेच, वजन तेच. बाकीची मुशीत गेली म्हणून उरलेल्यांचा हा भाव आला.

सालाइतकेच महत्त्व टाकसाळीच्या खुणेला आहे. कॅलिफोर्नियात 1848 साली सोने सापडले आणि 1854 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला टाकसाळ सुरू झाली. तिची खूण 'एस'. त्या पहिल्या वर्षी तिथे पाच डॉलरची केवळ 268 नाणी पडली. त्यांतली आज जेमतेम तीन-चार उरली आहेत. एका बारीक अक्षराने एवढा फरक पडतो. 1933 साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जनतेकडून सोन्याची नाणी परत मागवली, तेव्हाही संग्राहकांच्या दुर्मिळ नाण्यांना सूट होती. म्हणजे नाणे आणि सोने या दोन वेगळ्या चिजा आहेत, हे त्या सरकारनेही मान्य केले.

आपल्या पेट्यांत काय आहे

अमेरिकन नाणे आपल्याकडे क्वचितच दिसते, पण परदेशी सोने आपल्याला नवे नाही. पुतळ्यांच्या माळेतली अस्सल जुनी पुतळी म्हणजे व्हेनिस शहराचे नाणे. साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे. हिंदुस्थानचे कापड आणि मसाले अरब मुलखांत व पुढे युरोपात जात, आणि बदल्यात हे सोने येई. आम्हां कापडवाल्यांच्या पेशाचीच ती कमाई. पुढे सोनारांनी तशीच पुतळी इथे घडवली, म्हणून प्रत्येक पुतळी व्हेनिसची समजू नये.

कंपनी सरकारच्या 1841 च्या मोहरेवर राणी व्हिक्टोरियाचे मस्तक आणि मागे सिंह व ताडाचे झाड आहे. त्याखाली फारसी लिपीत 'अशरफी' लिहिले आहे. त्याआधीच्या सुरती नाण्यांवर शाह आलम बादशाहचे नाव आणि जुलूसी साल फारसीतच. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना हे मजकूर भिंगाखाली वाचता येतात. हा इल्म आपल्याकडे आहे आणि आपणच तो वापरत नाही.

व्यवहाराच्या चार गोष्टी

नाणे चिंच, राख किंवा पॉलिशने घासू नये. चमक येते पण भाव पडतो. कडी डाकलेली असली तरी संग्राहक किंमत कमी करतो. जुन्या साच्यांवरून टाकसाळीने नंतर पुन्हा पाडलेली नाणीही बाजारात आहेत, ती अस्सल असली तरी मूळची नव्हेत. 'खोदकामात हंडा सापडला' म्हणत स्वस्तात नाणी देणाऱ्याला दुकानाची पायरी चढू देऊ नये. माल खोटा निघाला तर पैसा गेला. खरा निघाला तर 1878 चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत सापडलेले धन कलेक्टरला कळवावे लागते. शंभर वर्षांवरील नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. खाजगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. जकातीच्या हिशेबात नाणेही सोनेच आहे. हिशेब कसा धरावा ते आलिमांना विचारावे.

आता मावशींची गिन्नी. भिंगाखाली साल निघाले 1918. घोड्याच्या पायांखालच्या जमिनीवर बारीक 'आय' अक्षर होते. मुंबईच्या टाकसाळीत ब्रिटिश गिन्नी त्या एकाच सालाची पडली, सुमारे 13 लाख. म्हणजे फार दुर्मिळ नव्हे, शिवाय वर कडी डाकलेली. सोन्याच्या भावापेक्षा फार काही मिळाले नसते, तेही आम्ही सांगितले.

मावशींनी विचारले, "म्हणजे ही विलायतेची नाही, आपल्या मुंबईची?" आम्ही होय म्हटले. त्यांनी गिन्नी उचलून पुन्हा पदरात बांधली. बस्त्याची निम्मी रक्कम त्यांनी रोख दिली आणि निम्मी भाताचे पीक येईपर्यंत आम्ही खात्यावर लिहिली. उधारी आम्हांलाही नकोच होती. पण 1991 साली मुशीत गेलेल्या चार आकड्यांपेक्षा ती आम्हांला स्वस्त वाटली.