जुनं इंजिन, नवा पंप!

हॉट रॉडसाठी फ्युएल पंप निवडताना 'जेवढा मोठा तेवढा चांगला' हा हिशेब चालत नाही. उलट तो अंगाशी येतो!

मडगार्ड गायब, बॉनेट काढून ठेवलेलं आणि समोर चकाचक उघडं इंजिन! हॉट रॉड हे अमेरिकन तरुणाईचं अस्सल वेड. जुनी फोर्ड स्वस्तात घ्यायची, नको तो पत्रा उतरवायचा, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कॅलिफोर्नियातल्या एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यात गाडी सुसाट सोडायची. १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघालं, तर १९४९ पासून युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाटीवर 'स्पीड वीक' रंगायला लागला.

या वेडाचा हीरो म्हणजे फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-एट इंजिन. १९३२ मध्ये आलं तेव्हा ताकद ६५ हॉर्सपॉवर. अमेरिकन फोर्डमध्ये ते १९५३ पर्यंत टिकलं आणि हौशी मंडळींच्या गॅरेजमध्ये आजही धडधडतंय. पण एवढ्या म्हाताऱ्या इंजिनाचा फ्युएल पंप कधी ना कधी दगा देणारच. मग नवा कोणता घ्यायचा?

आधी कार्ब्युरेटरला विचारा

पंप इंजिनाकडे बघून नाही, कार्ब्युरेटरकडे बघून घ्यायचा. फ्लॅटहेडवर शोभणाऱ्या स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटरला जेमतेम अडीच ते तीन पीएसआय प्रेशर पुरतं. होलीच्या चार बॅरलवाल्या कार्ब्युरेटरला सहा-सात लागतं. आजच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप तर चाळीसच्या पुढे जातो. तो स्ट्रॉमबर्गला जोडला तर? आतला नीडल व्हॉल्व्ह एवढा जोर रोखू शकत नाही, पेट्रोल उतू जातं आणि थेट तापलेल्या इंजिनावर सांडतं. पुढचं सांगायला नको!

प्रेशर आणि पुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवा. १५० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण ४५ लिटर पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला पाऊण लिटर. तेवढं मिळालं की झालं. प्रेशर जास्त असेल तर मध्ये रेग्युलेटर बसवा.

मेकॅनिकल की इलेक्ट्रिक?

मूळचा मेकॅनिकल पंप कॅमशाफ्टच्या जोरावर चालतो. आतला डायफ्रॅम वर-खाली होतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. वायरिंग नाही, आवाज नाही आणि इंजिन थांबलं की पंपही थांबतो. सेफ्टीच्या दृष्टीने हा केवढा मोठा फायदा! तोटा एकच, तो तापलेल्या इंजिनावरच बसतो. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये अडकलात की पेट्रोलची वाफ होते, पंपाच्या हाती काही लागत नाही आणि गाडी भर चौकात बंद! यालाच 'व्हेपर लॉक' म्हणतात.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, गार जागी बसतो, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो. महिनाभर उभी असलेली गाडीही पटकन स्टार्ट होते. मात्र हा पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा! म्हणून तो टाकीच्या जवळ आणि शक्यतो पेट्रोलच्या पातळीखाली लावायचा, त्याच्या आधी फिल्टर बसवायचा.

पण अपघात झाला, इंजिन बंद पडलं आणि इग्निशन चालू राहिलं तर हा पठ्ठ्या तुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो. त्यामुळे धक्का बसताच करंट तोडणारा इनर्शिया स्विच किंवा ऑइल प्रेशर स्विच लावायलाच हवा. इथे पैसे वाचवू नका.

सहा व्होल्टचा घोळ

१९५५ पर्यंतच्या फोर्डमध्ये सहा व्होल्टची बॅटरी असायची आणि तिचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. आज मिळणारे बरेचसे पंप बारा व्होल्टचे आणि निगेटिव्ह अर्थचे असतात. डबा उघडण्याआधी त्यावरचं लेबल वाचा!

इथेनॉलला विसरू नका

अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगची वाट लागते. म्हणून जुना पंप दुरुस्त करतानाही इथेनॉल सोसणारा डायफ्रॅम असलेलंच किट घ्या. हा सल्ला आपल्याकडेही तितकाच कामाचा. भारताने २०२५ मध्ये २० टक्के इथेनॉल मिश्रणाचा टप्पा गाठला आणि घरात जपलेल्या प्रीमियर पद्मिनीचा पंपही डायफ्रॅमवालाच आहे!

खरेदीआधी चेक करा

- कार्ब्युरेटरला किती पीएसआय चालतं?
- बॅटरी सहा व्होल्टची की बारा? अर्थ कोणतं?
- डायफ्रॅम आणि होज इथेनॉलला टिकणारे आहेत का?
- ऑइलला पेट्रोलचा वास येतोय? मग गाडी चालवू नका, आधी पंप बघा.
- नवा पंप लावल्यावर गेजने प्रेशर मोजलं का?

वीकेंडला थोडंफार फिरवायची साधी फ्लॅटहेड असेल, तर नवं किट टाकलेला मूळ मेकॅनिकल पंपच बेस्ट. गरम हवा, रोजचा ट्रॅफिक किंवा दोन-तीन कार्ब्युरेटर असतील तर कमी प्रेशरचा इलेक्ट्रिक घ्या, सेफ्टी स्विचसकट. शायनिंग मारायला क्रोम आहेच की, पंपाने फक्त आपलं काम चोख करावं!