सुट्टीतला धुलाईचा धंदा : मुलाला करू द्यावा का?

दहावीची परीक्षा संपली आणि आमच्या घरी वाद पेटला. मुलाला सुट्टीत प्रेशरचे मशीन घेऊन मोटारसायकली, कूलर आणि गुलमंडीतल्या दुकानांची शटरे व ओटे धुण्याचा धंदा करायचा होता. घरातले वडीलधारे संतापले. "आपल्या माणसांनी गावकीची कामे सोडली, ती पुन्हा दुसऱ्याची घाण धुण्यासाठी का?" असा त्यांचा सवाल.

सवाल खोटा नव्हता. महारकीत काम जन्माने ठरलेले, मोबदला तुटपुंजा आणि नाही म्हणण्याची सोय नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे बिल मांडले. पण स्वतःचे मशीन, स्वतःचा दर आणि नको ते काम नाकारण्याची मुभा असेल, तर ती महारकी नव्हे, तो धंदा झाला. आम्ही मुलापुढे तीन अटी ठेवल्या. दर आधी ठरवायचा. रोजचा हिशेब वहीत लिहायचा. गटार आणि शौचालयाची टाकी यांना कितीही पैसे मिळाले तरी हात लावायचा नाही. गटारे व सेप्टिक टँक माणसाकडून धोकादायक रीतीने साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हेही त्याला समजावले.

आता हिशेब पाहू. घरगुती लहान मशीन साधारण सहा ते दहा हजारांत मिळते. समजा ते आठ हजारांचे आहे. एका मोटारसायकलीचे पन्नास रुपये घेतले आणि दिवसाला सहा गाड्या झाल्या, तर तीनशे रुपये येतात. साबण, वीज यांचे पन्नास वजा केले, तर मशीनची किंमत बत्तीस दिवसांत निघते. म्हणजे पहिला महिना नफ्याची आशा धरू नये आणि व्याजाने पैसे मुळीच काढू नयेत. दोन-तीन मुलांनी भागीत घेतले तर ओझे हलके होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या शहराला जायकवाडीचे पाणी येते, पण रोज नळ न येण्याची सवय घरोघरी आहे. असे मशीन मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेते. साध्या नळीचे पाणी किती जाते, ते बादली आणि घड्याळ घेऊन मुलाने स्वतः मोजावे. आधी कोरड्या झाडूने धूळ, कागद काढावा, म्हणजे पाणीही वाचते आणि नालीही तुंबत नाही. पिण्याचे पाणी वापरू नये, बोअरचे घ्यावे. महाडला १९२७ साली पाण्याच्या हक्कासाठी उभा राहिलेला आपला समाज. त्याच्या लेकरांनी पाणी उधळू नये.

गुलमंडीत दुकाने उघडण्यापूर्वी, सकाळीच काम उरकावे. एकदा गर्दी झाली की गल्लीत पाय ठेवायला जागा नसते, आणि शेजारच्या दुकानात पाणी गेले तर भांडण ठरलेले. जुन्या पाट्यांवर व चुन्याच्या भिंतींवर जोराची धार मारू नये, रंग आणि गिलावा निघतो. कूलर धुताना आधी प्लग काढावा आणि मोटारीवर धार मारू नये. कूलरचे पाणी आठवड्याला बदलले तर डेंग्यूच्या डासांची पैदास थांबते, हेही गिऱ्हाइकाला सांगावे.

आईबापांनी एवढे पाहावेच : अर्थिंग असलेली तीन पिनांची जोडणी, पायांत गमबूट, डोळ्यांना चष्मा. धार माणसावर कधीही धरू नये. ती कातडीत घुसते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तात्काळ दवाखान्यात न्यावे. चौदा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याकडे कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हे विसरू नये. आणि शाळा-कॉलेज उघडले की मशीन माळ्यावर.

एके सकाळी एका दुकानदाराने आमच्या मुलाला ओट्याबरोबर पुढची तुंबलेली नालीही काढायला सांगितली, शंभर रुपये जास्त देतो म्हणाला. मुलगा म्हणाला, "काका, ओटा धुतो. नालीचे काम मी करत नाही." दुकानदाराने ओट्याचेच पैसे दिले. घरी आल्यावर ही हकीकत त्याने वहीसकट आजोबांपुढे ठेवली. आजोबांनी वही वाचली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मशीन उचलून सायकलवर बांधायला तेच पुढे आले.