तीन आठवड्यांची विलायत

शहागंजच्या घड्याळ मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माझ्या थोरल्या भावाचे कापडाचे दुकान आहे. रविवारी सकाळी चहाच्या निमित्ताने मी तिथे डोकावतो. मागच्या उन्हाळ्यात असाच गेलो, तर दादा गिऱ्हाईक सोडून एक गुळगुळीत माहितीपत्रक वाचत बसला होता. शेजारी माझी पुतणी. बी. कॉम.चे दुसरे वर्ष नुकतेच संपलेले.

तीन आठवडे लंडन. शिकणे, राहणे, जेवण, शेवटी प्रमाणपत्र आणि काळा झगा घालून फोटो. खर्च अडीच लाख, विमानाचे तिकीट वेगळे.

"तू चार बुकं जास्त शिकलास, तूच सांग," दादा म्हणाला. "हिच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेली बँकेतली ठेव मोडू का?"

"काका, माझ्या वर्गातल्या दोघी चालल्यात," पुतणी हळूच म्हणाली.

मी आठवडाभराची मुदत मागून घेतली. खरे सांगायचे तर मलाही यातले काही ठाऊक नव्हते. आमच्या वेळी परदेशी शिकायला जाणे म्हणजे दोन-चार वर्षांची गाठ. स्टेशनवर हार, आईच्या डोळ्यांना पदर. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन परत येण्याची विलायत आम्ही ऐकलीच नव्हती.

ओळखीच्या प्राध्यापकांना भेटलो, कागद वाचले. तेव्हा कळले की या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत दोन जाती आहेत आणि माहितीपत्रकावरून त्या ओळखू येत नाहीत. एक, विद्यापीठ स्वतः चालवते ते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचेच उदाहरण घ्या. तिथे उन्हाळ्यात तीन-तीन आठवड्यांचे वर्ग भरतात. रोज व्याख्यान, गृहपाठ आणि अखेर परीक्षा. दुसरी जात अशी, की सुट्टीत रिकामी झालेली वसतिगृहे आणि वर्गखोल्या एखादी खासगी कंपनी भाड्याने घेते. इमारत नामांकित विद्यापीठाची, शिकवणारे मात्र भलतेच. आमच्या हातातले पत्रक या दुसऱ्या जातीचे निघाले. विद्यापीठाचे नाव ठळक अक्षरांत होते. प्रमाणपत्र कोण देणार, ते शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात.

मग मला बाबासाहेब आठवले. या शहरात शिक्षणाचा विचार करताना ते आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदे संस्थानच्या मुदतीच्या शिष्यवृत्तीवर. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, पण मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. १९२० साली साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा गेले आणि राहिलेला अभ्यास पुरा केला. त्यांच्या संस्थेने १९५० साली आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते. थोरांशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण त्यांनाही परदेशातला काळ मोजूनच मिळाला होता. आपण कशासाठी आलो आहोत हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून तो काळ कारणी लागला.

पुढच्या रविवारी मी दादासमोर चार प्रश्न ठेवले. ज्या घरात असे पत्रक आले असेल, त्यांनीही ते विचारून पाहावेत.

शिकवणार कोण आणि प्रमाणपत्रावर सही कोणाची? परीक्षा आहे का, आणि तिथली क्रेडिट्स आपले विद्यापीठ धरणार का? आपल्याकडे २०२१ पासून क्रेडिट्सची बँक आहे खरी, पण परदेशातली क्रेडिट्स तीत आपोआप जमा होत नाहीत. प्राचार्यांकडून आधीच लेखी घ्यावे. व्हिसा कोणता? इंग्लंडमध्ये मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचे शिक्षण साध्या अभ्यागत व्हिसावर घेता येते. अमेरिकेत क्रेडिट्स मिळणार असतील तर विद्यार्थी व्हिसाच लागतो. आणि चौथा, कमी खर्चाची वाट शोधली का? जर्मनीची 'डाड' ही संस्था उन्हाळी भाषावर्गांसाठी शिष्यवृत्त्या देते, पण त्यासाठी थोडे जर्मन आधी शिकलेले लागते. जपान २०१४ पासून 'साकुरा सायन्स' योजनेतून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना काही दिवसांसाठी बोलावतो. तिथे मुलाने परस्पर अर्ज करून भागत नाही, संस्थेमार्फत जावे लागते. म्हणजे आपल्या महाविद्यालयातल्या एखाद्या धडपड्या प्राध्यापकाची गाठ घेणे एजंटाच्या कचेरीपेक्षा कामाचे.

दादाने सगळे ऐकून घेतले. मग लेकीकडे वळून म्हणाला, "मला एवढंच सांग, तिथं जाऊन तुला काय विचारायचंय?"

तिला उत्तर देता आले नाही. डोळे भरून आले आणि ती उठून आत गेली. आम्ही दोघे गार झालेला चहा पीत गप्प बसलो. मुलीचे पंख कापल्यासारखे मला वाटत राहिले.

पण पोर हट्टी. पंधरा दिवसांनी वही घेऊन आली. दुकानात 'हिमरू' म्हणून जे विकले जाते, त्यातले हातमागाचे किती, हे तिने आजूबाजूच्या दुकानांत विचारले होते. दोन विणकरांच्या घरीही जाऊन आली होती. एक शाल विणायला लागणारे दिवस आणि हाती येणारी मजुरी, दोन्ही वहीत मांडलेले. खाली लिहिले होते, "इतके कष्ट, इतके नाव, मग विणकराला भाव का नाही?"

आता ती पुढच्या उन्हाळ्यासाठी विद्यापीठाचाच वर्ग शोधते आहे, बाजारपेठ आणि व्यापार शिकवणारा. लंडनला गेलीच, तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली भारतीय वस्त्रे पाहायचे तिने ठरवले आहे. शिष्यवृत्ती मिळेल की नाही, सांगता येत नाही. ठेव तूर्त शाबूत आहे, आणि वेळ आली तर मोडायला दादा तयार आहे. पासपोर्टचा अर्ज त्यानेच सोबत जाऊन भरून दिला.

ते गुळगुळीत माहितीपत्रक अजून गल्ल्याजवळ पडून असते. मागच्या कोऱ्या बाजूवर दादा उधारी टिपतो. कागद फार महागाचा, पण शाई धरत नाही, अशी त्याची तक्रार आहे.