आधी माणूस, मग बाई: नारुसे जिन्झोंचं विद्यापीठ

हिंगण्याला महर्षी कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका पडली होती. त्यांनी ती तेव्हा बाजूला ठेवली. १९१५च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा भाषणाच्या तयारीत त्यांनी ती काढून वाचली. पुढच्याच वर्षी आपल्याकडचं महिला विद्यापीठ सुरू झालं. ही हकीकत आपल्याला ठाऊक असते, पण तोक्योचं ते विद्यापीठ काढणाऱ्या नारुसे जिन्झोंचं नाव मात्र कोणी घेत नाही. याची मला रुखरुख वाटते.

नारुसेंचा जन्मही कर्व्यांसारखाच १८५८चा. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक झाले, ओसाका आणि निइगाता इथे मुलींच्या शाळांत रमले, १८९०मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथली महिला महाविद्यालयं पाहून परतले. १८९६ साली त्यांनी स्त्रीशिक्षणावर पुस्तक लिहिलं. मुलीला आधी माणूस म्हणून शिकवा, मग स्त्री म्हणून, मग देशाची नागरिक म्हणून, हे त्यांचं सूत्र. सरकारला मुलींच्या शाळांतून चांगली बायको आणि शहाणी आई घडवायची होती, त्या काळात हा क्रम लावायला धाडस लागत होतं.

पुस्तक घेऊन ते हिरोओका आसाको यांच्याकडे गेले. बँक आणि कोळशाची खाण चालवणारी ही ओसाकाची कर्तबगार बाई. लहानपणी घरच्यांनी तिची पुस्तकं बंद केली होती. तिने ते पुस्तक तीनदा वाचलं असं सांगतात. मग ती स्वतःच देणग्यांसाठी बाहेर पडली. तिच्या माहेरच्या मित्सुई घराण्याने तोक्योत मेजिरोची जमीन दिली आणि २० एप्रिल १९०१ रोजी विद्यापीठ उघडलं. विभाग तीन: गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य.

गृहशास्त्रावरून नारुसेंना, आणि पुढे कर्व्यांनाही, बरेच बोल ऐकावे लागले. बायकांना पुन्हा चुलीशीच बांधता, हा आक्षेप मला पूर्ण खोटा वाटत नाही. पण हिरात्सुका राइचोचं उदाहरण पाहा. तिला इंग्रजी साहित्य शिकायचं होतं. वडिलांनी गृहशास्त्राच्या अटीवर परवानगी दिली. १९०६ साली ती पदवी घेऊन बाहेर पडली आणि १९११ साली तिने ‘सेइतो’ हे बायकांनी चालवलेलं मासिक काढून जपानभर खळबळ उडवली. विषय घरकामाचा असला तरी वर्गात जाऊन बसायला मिळालं, हेच मोलाचं. ज्या घरात दुसरं दार उघडणारच नव्हतं, तिथे हे एक दार नारुसेंनी उघडलं.

१९१९च्या जानेवारीत यकृताच्या कर्करोगाने खंगलेले नारुसे विद्यार्थिनींसमोर शेवटचं बोलले आणि ४ मार्चला गेले. श्रद्धा, स्वयंप्रेरणा, सहकार्य आणि सेवा ही आपली तत्त्वं त्यांनी त्या आजारपणात कुंचल्याने लिहून ठेवली. दशकभराने जगप्रवासाच्या अखेरीस कर्व्यांनी तोक्योचं हे विद्यापीठ पाहिलं.

जपानमध्ये त्याला विद्यापीठाचा पूर्ण दर्जा १९४८ साली मिळाला, तर कर्व्यांच्या विद्यापीठाला, म्हणजे आपल्या एसएनडीटीला, कायद्याची मान्यता १९५१ साली. तोवर दोन्हीकडच्या कितीतरी मुली शिकून कामाला लागल्या होत्या.