काजवे पाहायला पाहुणे येतात, तेव्हा...

पावसाच्या तोंडावर आपण कधी भंडारदऱ्याला गेला आहात काय? अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९२६ साली पुरे झालेले हे धरण. एका अंगाला कळसूबाईची रांग, दुसऱ्या अंगाला रतनगड, मध्ये जलाशयाचे पाणी. मेअखेरीपासून मोठा पाऊस लागेपर्यंत इथले हिरडा, सादडा, जांभूळ रात्री काजव्यांनी लुकलुकतात.

एका छायाचित्रकार मंडळाची सहल तिथे निघाली, तेव्हा मीही सोबत होतो. अंधार पडला आणि एक तरुण तिपाई घेऊन शेतात शिरला. तोच घरातून आजी ओरडल्या, "अहो दादा, ते रिकामं रान नाही, राब आहे माझा!"

राब भाजून कालच भात पेरले होते. शहरातल्या माणसाला ती नुसती काळी माती दिसली. पण राब तुडवला की रोप विरळ होते आणि लावणीला रोपासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागते, हे तुम्हांला सांगायला नको. त्या तरुणाने आजींची माफी मागितली. मग आजींनीच बांधावरची जागा दाखवली.

काजवा हा आपला मित्र आहे. त्याची अळी गोगलगाई खाते. नर लुकलुकून मादीला खूण करतो. कित्येक माद्या खाली गवतावर, झुडपांवर बसलेल्या असतात. पाय पडला तर त्या चिरडतात आणि विजेरीच्या झोतात नराची खूण हरवते. मग पुढच्या वर्षी झाड उजळणार कसे?

म्हणून आपल्या गावी असे पाहुणे येत असतील, तर एवढे करा. राबाभोवती काट्यांची वई घाला. पाण्याकडे किंवा झाडाकडे जाणारी एकच पायवाट ठरवा. मोटारी गावाबाहेर थांबवून दिवे मालवायला सांगा. फोटोसाठी झगझगाट लागतच नाही, उलट त्यात काजवे दिसेनासे होतात. कॅमेरा तिपाईवर ठेवून पंधरा-वीस सेकंद उघडा धरला की पुरे. वाट दाखवायला घरचाच जाणता मुलगा वा मुलगी द्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा. पिठले-भाकरीचेही घ्या, त्यात संकोच कसला?

पाहुण्याला पाणी द्यावे, तशी वाटही दाखवावी. आजींनी तेच केले. त्या रात्री फोटो निघाले आणि उरलेला राबही वाचला.