मॉरिशसची प्रतिनिधित्व पद्धती

यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामपंचायतीत मतदार एकाच प्रभागातून एकाहून अधिक सदस्य निवडतो. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशस या द्वीपराष्ट्रातही, १९६८ च्या संविधानानुसार, २० मतदारसंघांतून प्रत्येकी ३ व रॉड्रिग्ज बेटातून २ लोकप्रतिनिधी निवडून देण्याची तरतूद झाली. आपल्याकडील आरक्षण मतदानापूर्वी ठरते. तेथे निकालानंतर, कमी प्रतिनिधित्व लाभलेल्या समाजांतील पराभूत उमेदवारांसाठी ८ जागांची तजवीज करण्यात आली. मात्र समाजनिहाय लोकसंख्येचा आधार १९७२ च्या जनगणनेचाच राहिला. अद्ययावत आकड्यांविना उमेदवाराला समाज जाहीर करण्याची सक्ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२ मध्ये अन्याय्य ठरविली. प्रतिनिधित्वाचा न्याय अखेर जनगणनेच्या नोंदवहीवर विसंबतो. तेथे नोंद घेणाऱ्या शिक्षकाचे कार्यही म्हणूनच लोकशाहीचे कार्य होय.