चाकाची जुळणी आणि पेशीतले यंत्र

बोरघाटाच्या वाटेवरील पनवेल या जुन्या बंदरात, देशावर जाणाऱ्या मालाच्या रहदारीमुळे, बैलगाडीची चाके घडविण्याचा धंदा इतका भरभराटीस आला होता, की इंग्रजी अमदानीतील सरकारी गॅझेटिअरनेही त्याची दखल घेतली. तुंबा, आरे आणि तापवून चढविलेली लोखंडी धाव आपापल्या क्रमाने बसली नाहीत, तर उत्तम लाकडाचे चाकही निकामी ठरते. आणि तंतुकणिकेतील, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील, रायबोसोम या अतिसूक्ष्म यंत्राचेही सारे सामर्थ्य अशाच जुळणीवर अवलंबून आहे.

मानवी तंतुकणिकेच्या डीएनएत 16,569 अक्षरे आणि 37 जनुके असतात. त्यांपैकी केवळ 13 जनुकांपासून प्रथिने होतात, परंतु ती श्वसनशृंखलेत अशा मोक्याच्या जागी असतात, की त्यांच्यावाचून पेशीचा ऊर्जापुरवठा खुंटावा. ती घडविणाऱ्या रायबोसोमची सामग्री मात्र दोन ठिकाणांहून येते: त्याचे आरएनए तंतुकणिकेतच निपजतात, आणि ऐंशीच्या आसपास प्रथिने केंद्रकातील जनुकांच्या हुकुमाने बाहेर घडून आत रवाना होतात. तंतुकणिकेचा मातेकडून आलेला आणि केंद्रकाचा उभय मातापित्यांकडून आलेला असा दुहेरी वारसा येथे एकत्र नांदतो, हे मला या यंत्राचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य वाटते.

यातील एक जिन्नस उणा पडला तरी बाकीचे निमूट उभे राहत नाहीत. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका नवजात अर्भकाच्या वृत्तांतात, एमआरपीएस16 या एकाच प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तनामुळे रायबोसोमच्या लहान घटकाचा बारा एस हा आरएनएही क्षीण झालेला आढळला. ते अर्भक वाचले नाही. कित्येकदा प्रथिने निर्दोष असून दोष जुळणी करणाऱ्या साहाय्यकातच असतो. ईआरएएल1 हे प्रथिन याच आरएनएला बिलगून, लहान घटक तयार होईपर्यंत, त्याचे रक्षण करते आणि मग बाजूला होते; 2017 साली त्यातील उत्परिवर्तन काही डच स्त्रियांत सापडले, आणि त्यांच्या ठायी बहिरेपणा व अंडाशयाची अपूर्ण वाढ या दोन व्याधी एकत्र होत्या.

बहिरेपणाचा आणखी एक मार्ग आपल्या औषधालयातून जातो. 1993 साली उजेडात आलेल्या, बारा एस आरएनएच्या जनुकातील 1555 क्रमांकाच्या अक्षराच्या बदलाने, मानवी रायबोसोमचा तो भाग जिवाणूंच्या रायबोसोमसारखा होतो. मग जिवाणूंच्या रायबोसोमलाच लक्ष्य करणारे, क्षयरोगावर दिलेले स्ट्रेप्टोमायसीन रोगजंतूंबरोबर रुग्णाच्या श्रवणपेशींवरही आघात करते. म्हणून असे इंजेक्शन देण्यापूर्वी, शक्य तेथे, आई, मावशी, मामा वा आईची आई यांपैकी कोणास औषधानंतर बहिरेपण आले होते काय, याची विचारपूस वैद्याने अवश्य करावी.